“माहे बाबा काऊन नाही आले?” : ईस्टरनंतर तिसरीतल्या मुलाने विचारलेला प्रश्न

प्रश्न : मिशन शाळेतील शिक्षिका, यवतमाळ जिल्हा (23 एप्रिल 2025)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात कॅथलिक संस्थेच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. मी स्वतः कॅथलिक आहे. माझ्या वर्गातील मुले मात्र बहुतेक हिंदू, बौद्ध आणि आदिवासी घरांतील आहेत. काल परिपाठानंतर एका मुलाने मला जे विचारले त्याचे उत्तर मला देता आले नाही. शाळेचे आता मोजकेच दिवस उरले आहेत, म्हणून येथे लिहीत आहे.

यंदा सगळे एकदमच आले. 12 एप्रिलला हनुमान जयंती, 13 ला ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, 14 ला बाबासाहेबांची जयंती, आणि त्यातच वार्षिक परीक्षा. आमच्याकडे माड नाहीत, म्हणून झावळ्यांच्या रविवारी नाल्याकाठच्या शिंदीची पाने आणतात. त्यातली काही पाने अजून वर्गाच्या दाराला खोचलेली आहेत. सकाळची शाळा आहे, उन्हाच्या आत पेपर संपवायचे, दुपारी ते तपासायचे, चौथीच्या मुलांचे दाखले तयार करायचे, वाचनालयाची पुस्तके परत घ्यायची, अशी धावपळ सुरू आहे.

सोमवारी परिपाठात मी ईस्टरची गोष्ट सांगितली. येशूला क्रुसावर खिळले, खडकात खोदलेल्या कबरीत ठेवले, तिसऱ्या दिवशी पहाटे मरिया माग्दालिया आणि इतर स्त्रिया तेथे गेल्या, तर तोंडावरचा दगड सरकलेला आणि कबर रिकामी, इतकेच. त्याच दुपारी पोप फ्रान्सिस वारल्याची बातमी आली. आदल्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, त्यांनी सज्जात येऊन लोकांना आशीर्वाद दिला होता. काल परिपाठात आम्ही त्यांच्यासाठी दोन मिनिटे शांत उभे राहिलो. त्यानंतर हा मुलगा माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, पोप बी तिसऱ्या दिवशी येतीन काय? मंग माहे बाबा काऊन नाही आले?”

त्याचे वडील मागच्या पावसाळ्यात डवरणीच्या वेळी शेतात वीज पडून गेले. मी “आपण नंतर बोलू” म्हणाले आणि त्याच्या हाती उत्तरपत्रिका दिली. त्या क्षणापासून मला चैन नाही. “ती फक्त येशूची गोष्ट आहे” असे म्हणावे तर मी जे मनापासून मानते त्याला मीच बाजूला सारल्यासारखे होते. “बाबाही उठतील” असे म्हणावे तर तो आज संध्याकाळीच बांधावर जाऊन त्यांची वाट पाहील. शिवाय त्याचे घर हिंदू आहे, आणि माझी श्रद्धा त्याच्या दुःखावर लादण्याचा मला अधिकार नाही. सुट्टी लागण्यापूर्वी मी त्याला काय सांगावे?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापिका, अमरावती

ताई, “नंतर बोलू” म्हणालात याचा फार खेद करू नका, पण ते “नंतर” या आठवड्यातच येऊ द्या. मुलांना सुट्टीत अशा प्रश्नांशी एकटे सोडू नये. जूनच्या अखेरीस शाळा उघडेपर्यंत ते स्वतःच काहीतरी उत्तर शोधून काढतात, आणि ते बहुधा आपल्या कल्पनेपेक्षा कठोर असते.

मी मिशन शाळेतच आयुष्य घालवले. मी अशा मुलांना आधी पुनरुत्थानाची नव्हे, लाजराची गोष्ट सांगत असे, आणि तीही अर्धीच. आपला मित्र गेला हे कळल्यावर येशू त्याच्या गावी आला, बहिणींना रडताना पाहिले आणि तो स्वतः रडला. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने हे अगदी दोन शब्दांत सांगून सोडून दिले आहे. ज्याच्यापाशी मरणावर उपाय होता तोही आधी रडला, एवढे आठ वर्षांच्या मुलाला पुरते. नंतर वाटल्यास गव्हाच्या दाण्याचा दृष्टान्त सांगावा, की दाणा जमिनीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. 1 मे रोजी निकाल लागेल आणि प्रगतिपुस्तकावर पालकाची सही लागेल. मागच्या वर्षी तेथे कोणाची सही होती ते पाहून ठेवा. ज्या मुलांचे वडील त्या वर्षात गेले, त्यांच्यासाठी ती रिकामी ओळ परीक्षेपेक्षा अवघड असते, हे मला फार उशिरा कळले. आईला आधी निरोप पाठवा, तिलाच बोलवा आणि मुलासमोर तिच्याकडून सही घ्या, अंगठा असेल तर अंगठा.

उत्तर : शेतकरी आणि पालक, वणी तालुका

मॅडम, मी हिंदू आहे आणि माझे चौथीपर्यंतचे शिक्षण मिशनच्या शाळेत झाले, म्हणून लिहितो. बाईंच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण दाण्याचा दृष्टान्त या मुलाला देऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. शेतकऱ्याच्या मुलाला बी ठाऊक असते. मेलेले बी उगवत नाही, उगवते ते जिवंत बी, आणि पावसाने दगा दिला की तेही उगवत नाही, मग उसनवारी करून दुबार पेरणी करावी लागते. या मुलाने वडिलांना शेतातच गमावले आहे. त्याला मातीचे उदाहरण द्याल तर तो तासातासाने उकरून पाहील.

दुसरे म्हणजे “तिसरा दिवस”. तुमच्यासाठी तो पुनरुत्थानाचा दिवस आहे, पण आमच्या घरांत तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात. या मुलाच्या कानावर हे दोन शब्द याआधी एकदा नक्की पडले असणार, आणि तेव्हा स्मशानातून कोणी परत आले नाही, राख आली. तुमची गोष्ट ऐकताना त्याला तोच दिवस आठवला असेल असे मला वाटते. म्हणून उत्तर देण्यापूर्वी त्या दिवशी काय झाले हे त्याच्या आईला विचारा.

उत्तर : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, वाशीम

माझे मत थोडे वेगळे आहे. राज्यघटनेच्या कलम 28 च्या तिसऱ्या खंडानुसार, शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतील कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. सणाची माहिती देणे वेगळे आणि श्रद्धा शिकवणे वेगळे हे मी जाणतो, आणि या ताईंनी सोमवारी मर्यादा ओलांडली असेही मी म्हणत नाही. परंतु परिपाठातली गोष्ट सर्वांसाठी असते, तर या मुलाला द्यायचे उत्तर हे सरळ श्रद्धेच्या प्रांतातले आहे. तेव्हा आईची परवानगी हा शिष्टाचार नसून कर्तव्य आहे.

उत्तर : धर्मगुरू, विदर्भातील एका ग्रामीण चर्चमधून

वरील तिन्ही उत्तरे मी दोनदा वाचली. शेतकरी बंधूंनी दाण्याविषयी जे लिहिले ते मी पुढच्या प्रवचनापूर्वी लक्षात ठेवीन.

सिस्टर असोत वा शिक्षिका, आपण मुलांना ही गोष्ट सांगताना एक चूक नेहमी करतो, आणि ती मीही केली आहे. आपण “येशू परत आला” असे म्हणतो. येशूने कबरीतून उठवलेला लाजर परत आला, आणि त्याला पुढे पुन्हा मरावेच लागले. येशू परत आला नाही. तो मरणाच्या पलीकडे गेला आणि तेथून आपल्या माणसांना भेटला. म्हणूनच माग्दालियाने त्याला आधी माळी समजले आणि अम्माऊसच्या वाटेवर त्याच्याबरोबर चालणाऱ्या दोघांनी भाकरी मोडेपर्यंत त्याला ओळखले नाही. वडील घरी का आले नाहीत, या प्रश्नाचे खरे उत्तर असे की घरी येणे हे आमच्या श्रद्धेतसुद्धा कोणाला सांगितलेले नाही. मुलाला हे स्पष्ट सांगा. ते ऐकायला जड आहे, पण त्यामुळे मुलाचे वाट पाहणे थांबेल.

येत्या रविवारी, 27 तारखेला, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, योहानाच्या शुभवर्तमानातला थोमा या शिष्याचा प्रसंग वाचला जाईल. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या जखमा तशाच होत्या, आणि त्या पाहूनच थोमाने त्याला ओळखले. ईस्टरने जखम पुसली गेली असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. आणि घाई करू नका. ईस्टरचा काळ पन्नास दिवसांचा असतो, यंदा तो 8 जूनच्या पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत, चालेल, म्हणजे तुमची परीक्षा, निकाल आणि निम्म्याहून अधिक सुट्टी त्यातच येते. एका परिपाठात सारे सांगून संपवायचे नसते. सरोवराकाठी निखाऱ्यांवर मासे भाजून त्याने थकलेल्या शिष्यांना न्याहारी दिली, ती गोष्ट मुलांना फार कळते. ती आपण क्वचितच सांगतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर (2 मे 2025)

आपण सर्वांनी वेळ दिलात त्याबद्दल मनापासून आभारी आहे. काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

मी शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी गेले आणि आधी त्याच्या आईशी बोलले. शेतकरी दादांचा तर्क बरोबर निघाला, पण माझ्या मनात आले होते त्यापेक्षा वेगळ्या रीतीने. मला वाटले होते की त्याला घरी ठेवून मोठी माणसे राख सावडायला गेली असतील. तसे नव्हते. थोरला मुलगा म्हणून अग्नी त्यानेच दिला होता आणि तिसऱ्या दिवशी काकांबरोबर राख सावडायलाही तोच गेला होता. आईने मला त्याच्याशी बोलायला सांगितले, मात्र तिच्यासमोर बोलावे असे म्हणाली, आणि ते मला योग्य वाटले.

फादरांनी सांगितल्याप्रमाणे मी त्याला स्पष्ट सांगितले की येशूही पूर्वीसारखा घरी राहायला आला नाही आणि बाबाही येणार नाहीत. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “येशूले जाळलं नोतं म्हणून तो उठला काय? मी बाबाले जाळलं म्हणून ते नाही उठले काय?”

माझ्या वर्गात दहा महिने हे मूल हा भार घेऊन बसत होते आणि मी त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होते. मी त्याला जवळ घेतले आणि सांगितले की नाही, तसे अजिबात नाही. त्याने मुलाने करायचे तेच केले आणि नीट केले. आमच्या चर्चनेही 1963 पासून दहनाला परवानगी दिलेली आहे, आमच्यातली काही माणसे आपल्या माणसांना अग्नी देतात, आणि त्यामुळे देवाचे काही अडते असे आम्ही मानत नाही, हेही सांगितले. 1963 हा आकडा त्याच्या उपयोगाचा नव्हता, पण माझ्या तोंडून तो निघाला, आणि तेवढ्यावर त्याने तो पाठ केल्यासारखा पुन्हा म्हटला. त्याची आई रडत होती. मुलाने मनात हे धरले आहे याची तिलाही कल्पना नव्हती. येशू आपल्या मित्रासाठी रडला ही गोष्ट मी तेव्हा सांगितली, आणि ती मला वाटते तिच्यासाठीच अधिक होती.

काल निकाल लागला. आई मजुरी पाडून सकाळी सात वाजता झेंडावंदनाला आली. मागच्या वर्षीच्या ओळीत वडिलांची सही आहे, त्याखाली तिने आपले नाव लिहिले. अक्षरे सावकाश काढली आणि मुलगा शेजारी उभा राहून ती वाचत होता. गणितात त्याला चांगले गुण आहेत.

माशांच्या न्याहारीची गोष्ट राहून गेली. त्याने ती ऐकायची आहे असे सांगितले आहे, कारण मी तिचा नुसता उल्लेख केला होता. शाळा उघडल्यावर, त्याच्या आईला विचारून, मी ती सांगणार आहे.