चर्चा: मनःस्थितीच्या नोंदींचं प्रशिक्षण – कागदी डायरी शिकवायची कशाला?

गोदाकाठ
नाशकात मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि संशोधकांना दैनंदिन नोंदपद्धत (रुग्णानं दिवसभरातली मनःस्थिती कागदावर किंवा मोबाइल ॲपवर नोंदवत जाणं) दोन दिवसांत शिकवायची, तर कागदी डायरी वगळावी असं माझं मत. स्टोन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास बघा. जुनाट दुखण्याच्या रुग्णांच्या कागदी डायरीत प्रकाश टिपणारा सेन्सर लपवला होता. वेळेवर भरल्याचा दावा ९० टक्के, प्रत्यक्षात ११. दाव्यातल्या बाकीच्या नोंदी ठरल्या वेळी भरलेल्याच नव्हत्या. मोबाइलवर सूचना वाजली की प्रश्नावली उघडते, प्रत्येक नोंदीची वेळ आपोआप पडते आणि १५ मिनिटांनी प्रश्नावली बंद होते. दिवसाला १० सूचना, सहा दिवस, म्हणजे ६०. त्यातल्या २० तरी भरल्या तरच त्या व्यक्तीची माहिती विश्लेषणात घ्यायची, हा रूढ संकेत.

सातपूरकर
आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. संशोधकाला माहिती हवी असते, समुपदेशकाला रुग्णाचं लक्ष. प्रसंग, मनात आलेला विचार, भावना ० ते १००, हे तीन रकाने रात्री भरले तरी पुढच्या भेटीत बोलायला पुरतात. त्यांचा आलेख मात्र काढू नका, तिथे तुमचं म्हणणं मान्य.
आणि मोबाइलच्या १० सूचना कुठल्या वेळेत? पुस्तकी चौकट सकाळी साडेसात ते रात्री साडेदहा, दर ९० मिनिटांच्या टप्प्यात एक. अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतला रात्रपाळीचा कामगार त्यातला अर्धा वेळ झोपलेला असतो. चौकट त्याच्या उठण्याच्या वेळेपासून मोजायला शिकवा, नाहीतर ‘प्रतिसाद देत नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसेल.

गोदाकाठ
चौकटीचं मान्य. कागदाचं नाही.

पेठरोड
पेठ-सुरगाण्याला रेंज नसते म्हणून कागद, हा युक्तिवाद येण्याआधीच खोडतो. बरीच ॲप नोंद फोनमध्ये साठवतात आणि रेंज आली की पाठवतात. खरा घोळ अँड्रॉइडच्या बॅटरी बचतीचा. ती ॲपला झोपवते, सूचना वाजतच नाही आणि आपण रुग्णाला आळशी ठरवतो. पहिल्याच भेटीत ॲपला त्यातून सूट द्या, समोर बसून एक चाचणी सूचना वाजवा, दुसऱ्या दिवशी फोन करा.
त्याहून मोठी चूक भाषांतरात. ‘सध्या मन कसं आहे?’ विचारलं की उत्तर गेल्या दोन-चार आठवड्यांचं मिळतं. ‘आत्ता, सूचना वाजली तेव्हा’ असंच लिहा. ‘अस्वस्थ’ हा शब्दही फसवा. कुणाला तो पोटातली मळमळ वाटतो, कुणाला मनाची घालमेल. प्रश्न मोठ्यानं वाचून घ्या आणि समोरच्याला काय कळलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. यासाठी अर्धा दिवस ठेवा, स्लाइड कमी करा.

आकडेमोड
सांख्यिकीला दीड तास तरी द्या, डॉक्टरांनाही. व्यक्तीच्या स्वतःच्या सरासरीपासूनचा चढउतार आणि दोन व्यक्तींमधला फरक वेगळा न केल्यास ‘कमी झोपणारी माणसं उदास असतात’ आणि ‘हा माणूस कमी झोपला की उदास होतो’ यांची खिचडी होते. उपचाराला दुसरं वाक्य लागतं.

सातपूरकर
सगळं ठीक, पण एक प्रश्न राहिला. रात्री दोनला कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ वर ७ पैकी ७ नोंदवलं, तर ते वाचणार कोण? बहुतेक ठिकाणी कुणीच नाही. तसं संमतिपत्रात ठळक लिहा आणि त्या उत्तरानंतर पडद्यावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ दिसू द्या.

गोदाकाठ
नुसता क्रमांक पुरेसा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अशा उत्तरांची यादी कोण तपासणार त्याचं नाव आधी ठरलेलं हवं. ते ठरत नसेल तर तो प्रश्नच विचारू नये.

सातपूरकर
प्रश्न गाळला म्हणून धोका गळत नाही. भेटीत विचारा, पण विचारा.