अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल : प्रशिक्षकांचा तोंडी शब्द आणि देणगीदाराचे विमानतिकीट

मालवणचा काका
नमस्कार. माझा थोरला भाऊ ओहायोत स्थायिक असून त्याचा मुलगा तिथे अकरावीत शिकतो आणि अमेरिकन फुटबॉल खेळतो. एका विद्यापीठाला भेट दिली असता तेथील प्रशिक्षकांनी त्याला पूर्ण शिष्यवृत्ती देण्याचे कबूल केले, परंतु लेखी काहीही दिले नाही. पुढे त्याच विद्यापीठाचे एक माजी विद्यार्थी, जे संघाला मोठ्या देणग्या देतात, भावाकडे आले आणि आजी-आजोबांच्या मालवणहून येण्याजाण्याचा खर्च आपण करू असे म्हणाले. इकडे आईने कुळथाचे पीठ दळून ठेवले आहे आणि वडिलांचा पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला आहे. हे तिकीट घ्यावे का, आणि प्रशिक्षकांच्या शब्दावर कितपत विसंबावे?

वाशिष्ठीकाठ
मी काही वर्षे तेथील एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात काम केले आहे, म्हणून स्पष्टच लिहितो : ते तिकीट घेऊ नका. एनसीएए म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था; तिच्या नियमांनुसार देणगीदाराला खेळाडू मिळवण्याच्या कामात पडता येत नाही, आणि खेळाडूला किंवा त्याच्या नातेवाइकांना त्याने काही दिले तर मुलाची पात्रताच धोक्यात येते. देणगीदार खेळाडूंना पैसे पुरवत होते म्हणून सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा 1987 चा संपूर्ण हंगाम रद्द करण्यात आला होता.

तोंडी शब्दाने मात्र कोणीच बांधले जात नाही, ना विद्यापीठ ना मुलगा. बारावीच्या वर्षातील 1 ऑगस्टपूर्वी शिष्यवृत्तीचा लेखी प्रस्ताव देण्यास विद्यापीठाला मनाईच आहे, त्यामुळे आज कागद नाही यात प्रशिक्षकांची लबाडी आहे असे समजू नये. पण मधल्या काळात प्रशिक्षक बदलतात, किंवा दुसऱ्या विद्यापीठातून आलेला अनुभवी खेळाडू तीच जागा घेतो, आणि हे हल्ली फार होते. म्हणून पुतण्याने इतर विद्यापीठांशी बोलणे थांबवू नये.

क्रीडाशिक्षक, रत्नागिरी
अभ्यासाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका, कारण आपल्याकडे याच ठिकाणी मुले कमी पडताना मी पाहतो. एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागातील विद्यापीठासाठी शाळेत ठरावीक 16 मुख्य विषय पूर्ण व्हावे लागतात आणि त्यांत 4 पैकी सरासरी किमान 2.3 लागते. त्यांपैकी 10 विषय बारावी सुरू होण्यापूर्वीच संपवावे लागतात, म्हणजे आपल्या पुतण्याच्या हातात हेच वर्ष आहे. एसएटी या प्रवेशपरीक्षेची सक्ती 2023 मध्ये काढली गेली, त्यामुळे भार शाळेतील गुणांवरच येतो.

दाभोळ खाडी
मला हे पटत नाही. 2021 पासून खेळाडू आपल्या नावावर आणि छबीवर उघडपणे पैसे कमावतात, आणि 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःच त्यांना खेळाच्या उत्पन्नातला वाटा देतात. मग म्हाताऱ्या आजी-आजोबांच्या तिकिटावरच एवढा कटाक्ष कशासाठी?

वाशिष्ठीकाठ
आपला प्रश्न रास्त आहे आणि नियम पूर्वीपेक्षा बरेच सैल झाले, हेही खरे. तरीही जाहिरातीत काम करून घेतलेला मोबदला आणि प्रवेशासाठी मन वळवायला दिलेली भेट यांत फरक केला जातो. देणगीदाराशी केलेला 600 डॉलरहून मोठा करार कळवावा लागतो आणि त्यामागे खरा व्यवसाय आहे का, हे तपासले जाते. या तिकिटामागे कोणताच व्यवसाय नाही. आजी-आजोबांना न्यायचेच असेल तर भावाने स्वतःच्या खर्चाने न्यावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

मालवणचा काका
मनःपूर्वक आभार. भावाला आज रात्रीच फोन करून नकार कळवायला सांगतो. लेखी कागद हाती आला की त्यात काय पाहावे?

वाशिष्ठीकाठ
पूर्वीचे ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’, म्हणजे खेळाडूने एका विद्यापीठाशी बांधील राहण्याचे लेखी पत्र, 2024 मध्ये बंद झाले, त्यामुळे आता आर्थिक साहाय्याचा करार हाच मुख्य कागद आहे. सह्या साधारण बारावीच्या डिसेंबरात होतात. शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की अनेक वर्षांची, तीत निवास आणि जेवण धरले आहे का, आणि मुलगा जायबंदी झाल्यास काय होईल, ही तीन कलमे भावाने वकिलाकडून वाचून घ्यावीत.