कल्याण–मुरबाड–माळशेज–आळेफाटा रस्ता: नेमका मार्ग आणि जुन्या नाणेघाट वाटेशी त्याचं नातं

मुलुंडकर_९:
गणपतीनंतरच्या आठवड्यात मुलुंडहून आळेफाट्याला गाडीने जायचं ठरतंय. चार माणसं, त्यात दोघं ज्येष्ठ. गाडी सीएनजीवर चालते. कल्याण–मुरबाड–माळशेज हाच रस्ता धरायचा आहे, पुण्याकडून वळसा नको. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. गावांचा नेमका क्रम काय आणि वेळ कुठे जातो?
२. हा सातवाहनांचा व्यापारी मार्ग असं जिकडेतिकडे लिहिलेलं दिसतं. तो मार्ग तर नाणेघाटाचा. मग डांबरी रस्ता माळशेजला कसा गेला?
३. त्या दिवसांत घाटात दरडींचा धोका कितपत असतो?

वाटसरू_ठाणे:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. कल्याणहून शहाडचा रेल्वेवरचा पूल ओलांडला की म्हारळ, वरप, कांबा, मग उल्हास नदीवरचं रायते, पुढे गोवेली आणि मुरबाड. हे साधारण ३० किमी. मुरबाडनंतर सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी, सावर्णे, आणि सावर्ण्यापासून घाट. वर पोचलात की खुबी फाटा, डाव्या हाताला पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, मढ, डिंगोरे, उदापूर, ओतूर आणि आळेफाटा. कल्याणपासून एकूण १२० किमीच्या आसपास. अडथळा नसेल तर तीन तास पुरतात.

वेळ जातो तो घाटात नाही, पहिल्या १५ किमीत जातो. शहाड पूल आणि म्हारळ ते कांबा या पट्ट्यात कारखान्यांची, रिक्षांची आणि शाळेची वाहतूक एकाच रस्त्यावर येते. सकाळी सहाच्या आत शहाड मागे पडलं तर निम्मी लढाई जिंकली. उशीर होणार असेल तर कल्याणात शिरूच नका. भिवंडी बायपासने नाशिक महामार्ग धरा, शहापूरला उजवीकडे वळा आणि मुरबाडला या. अंतर वाढतं, पण डोकं शांत राहतं.

रायते पुलाचं मात्र आधी विचारून घ्या. जोराचा पाऊस लागून उल्हासला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि कल्याण–मुरबाड वाहतूक थांबवतात. शहापूरचा रस्ता तेव्हाही कामाला येतो. दुसरा पर्याय बदलापूरहून बारवी धरणावरून मुरबाड, पण तो वळणांचा आणि जंगलातला आहे. ज्येष्ठ सोबत असताना अंधारात तो नको.

सीएनजी कल्याण सोडायच्या आत पूर्ण भरा आणि पेट्रोलची टाकीही निम्म्यावर ठेवा. चार माणसं, सामान आणि एसी असताना घाटाच्या चढाला सीएनजीवर गाडी दमते. सावर्ण्याला पेट्रोलवर घ्या, खुबी फाट्याला परत सीएनजीवर.

पाट्यांवरून गोंधळ होऊ देऊ नका. हाच रस्ता आधी राष्ट्रीय महामार्ग २२२ होता, २०१० च्या फेरक्रमांकनात तो ६१ झाला. आळेफाट्याला जो पुणे–नाशिक रस्ता आडवा येतो तो आधी ५० होता, आता ६० आहे. जुने क्रमांक अजून दुकानांच्या पत्त्यांत आणि लोकांच्या तोंडात आहेत. तसंच काही पाट्यांवर अहमदनगर, काहींवर अहिल्यानगर. शहर एकच.

शिलालेख_वाचक:
दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ‘दोन हजार वर्षांचा रस्ता’ हे माळशेजला सरसकट चिकटवलं जातं आणि त्यात नाणेघाटाचं खरं मोल हरवतं.

सोपारा आणि कल्याण ही बंदरं, वर जुन्नर, पुढे पैठण अशी ती साखळी होती. कल्याणचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी नोंदींतही आहे. कल्याण ते वैशाखरे हा पट्टा तुमच्या आजच्या रस्त्याशी ढोबळमानाने जुळतो. वैशाखऱ्याला वाटा फुटतात: जुनी वाट उजवीकडे नाणेघाटाच्या नाळेत (अरुंद घळीत) शिरते, आजचा रस्ता सरळ मोरोशीकडे जातो. टोकावडे सोडल्यावर हवा स्वच्छ असेल तर उजवीकडे नानाचा अंगठा, म्हणजे नाणेघाटाला लागून असलेला अंगठ्यासारखा कडा दिसतो. तीच खूण.

घाटमाथ्याच्या तोंडाशी कातळात कोरलेलं लेणं आहे. त्यात ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि प्रत्येक यज्ञात किती गायी, घोडे, कार्षापण (त्या काळची नाणी) दान दिले याचे आकडे त्यात कोरले आहेत. भारतीय अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांत हे आकडे मोडतात. समोरच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमारांच्या मूर्ती होत्या. आता वरची नावं आणि पायांचे अवशेष उरलेत. बाहेर दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून ओळखला जातो. वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ओझ्याची जनावरं चढवायची तर पाणी लागणारच, त्यामुळे ही टाकी म्हणजे वाटेवरच्या राबत्या व्यापाराचा सरळ पुरावा. राखणीला जीवधन, चावंड, हडसर आणि खाली जुन्नरला शिवनेरी.

आता माळशेज का? उत्तर चाकात आहे. नाणेघाट ही बैल, घोडे, गाढवं आणि माणसांची वाट आहे. वैशाखऱ्याकडून थोड्याच अंतरात सुमारे ७०० मीटर चढायचे, आणि शेवटचा भाग तर दगडी पायऱ्यांचा. बैल पायरी चढतो, गाडी चढत नाही. ट्रक चालवायचा तर डोंगरी रस्त्याला २० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर उंची, एवढाच चढ सोसतो. म्हणजे ७०० मीटर चढायला १४ किमी रस्ता हवा. नाणेघाटाच्या नाळेत एवढा रस्ता गुंडाळायला जागाच नाही. माळशेजला काळू नदीच्या खोऱ्याच्या कडेकडेने कातळ फोडून तो बसवता येतो. पायवाट म्हणून माळशेजही जुना आहे, पण गाडीरस्ता म्हणून त्याला महत्त्व आलं ते चाकांच्या युगात.

मधल्या काळाचं एक सांगायला हवं. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचं ठाणं आधी जुन्नरला होतं. १४९४ मध्ये अहमदनगर वसवायला घेतल्यावर जुन्नर ते नगर या टापूतल्या वाटेला नवं वजन आलं. आज तुम्ही ओतूर, आळेफाटा, बेल्हे, आणे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी करत नगरला जाता तो पट्टा त्या हालचालींच्या प्रदेशातून जातो. म्हणून या रस्त्याकडे एका राजवटीचा रस्ता म्हणून बघू नका. खालचा तुकडा बंदरांनी घडवला, वरचा राजधान्यांनी, आणि दोघांना जोडणारा घाट शेवटी बदलला.

लोहमार्ग_मित्र:
यात रेल्वेची भर घालतो, कारण हा रस्ता इतकी वर्षं ‘आडवाटेचा’ का राहिला ते त्याशिवाय कळत नाही.

१८४० च्या दशकात मुंबईहून दख्खनवर रेल्वे न्यायचे पहिले आराखडे झाले, तेव्हा कल्याणवरून माळशेज घाट चढायचा विचार होता. पुढच्या पाहणीत तो मागे पडला आणि मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीत बोर (खंडाळ्याचा) आणि थळ (कसाऱ्याचा) हे दोन घाट निवडले गेले. तिथेही ३७ ला १ इतका, रेल्वेच्या मानाने तीव्र चढ ठेवावा लागला. बोर घाट १८६३ मध्ये सुरू झाला, थळ १८६५ मध्ये. त्यानंतर पुण्याकडचा माल एका घाटाने आणि नाशिक-खानदेशाचा दुसऱ्या घाटाने मुंबईत यायला लागला. मधला जुन्नर–मुरबाड पट्टा दोन्ही रुळांपासून लांब राहिला. कल्याण हे मोठं जंक्शन झालं आणि तिथून ३० किमीवरचं मुरबाड तालुक्याचं गाव राहिलं, त्याचं कारण हेच. कल्याण–मुरबाड रेल्वे आणि पुढे माळशेजमार्गे नगर ही मागणी म्हणूनच एवढी जुनी आणि एवढी तळमळीची आहे.

रूळ नसल्यामुळे या रस्त्यावर एसटी आणि ट्रक यांचंच राज्य. जुन्नर-ओतूर भागातला कांदा, टोमॅटो, पालेभाज्या रात्री घाट उतरून कल्याणच्या बाजारात पोचतात. तुम्ही पहाटे चढत असाल तर भरलेली वाहनं समोरून उतरत असतील हे धरूनच चला. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसा गावची यात्रा भरते, बैलांचा मोठा बाजार आणि घोंगड्यांची दुकानं. त्या दिवसांत मुरबाड नाक्यावर तासभर सहज जातो. तुमच्या तारखांना तो प्रश्न नाही.

घाटरस्ता:
तिसऱ्या प्रश्नावर. सप्टेंबरमध्ये धोका कमी होतो, संपत नाही. कारण समजलं तर काळजी नेमकी घेता येते.

सह्याद्रीचा कातळ म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल, मातकट पट्टा असतो. वरचा कातळ भेगाळलेला असतो, त्यातून पाणी झिरपून या पट्ट्याशी अडतं, तो मऊ होतो आणि वरच्या कातळाचा आधार सुटतो. रस्ता करताना डोंगराचा पायथा कापलेला असतो, त्यामुळे सुटलेला दगड थेट डांबरावर येतो. पाणी मुरायला वेळ लागतो म्हणूनच पाऊस थांबल्यावर, ऊन पडल्यावरही दरड येते. जुलै २०१३ मध्ये मोठी दरड कोसळून घाट बरेच दिवस बंद होता. जाळ्या बसवलेल्या आहेत, पण जाळी लहान दगड अडवते, अख्खा कडा नाही.

म्हणून जाळीखाली किंवा कड्याला लागून गाडी उभी करू नका, धबधबा कितीही जवळ दिसला तरी. ताजे बारीक दगड किंवा माती रस्त्यावर दिसली, किंवा एरवी पांढरा असलेला धबधबा तांबडा वाहताना दिसला, तर पुढे न जाता मागे फिरायचं. मोठ्या दगडाआधी बारीक दगड येतात. थांबायचं तर बोगदा ओलांडून, पठारावर, रुंद जागेत.

धुकं या घाटाचा दुसरा शत्रू. हेडलाइट खालच्या झोतावर ठेवा, वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय हे कळत नाही. काच आतून धुरकटते, तेव्हा एसीची हवा काचेवर सोडा.

परतीला उतार आहे आणि खरी परीक्षा तीच. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. वास आला तर सुरक्षित जागी उभे राहा, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्या. भरलेला ट्रक चढावर थांबला तर परत उठवणं कठीण असतं. कठडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जानेवारी २०१४ मध्ये इथे एसटी दरीत कोसळून २५ हून अधिक जीव गेले, आणि तो काही पावसाळा नव्हता.

पावसाळ्यात ठाणे आणि पुणे दोन्ही जिल्हा प्रशासनं पर्यटकांसाठी जमावबंदीचे आदेश काढतात. घाटातच जिल्ह्याची हद्द बदलते, म्हणून दोन्हीकडचे आदेश बघा. सरळ जाणाऱ्या गाडीला सहसा अडवत नाहीत, थांबून गर्दी करणाऱ्यांना हटवतात.

मुलुंडकर_९:
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं. त्याच दिवशी नाणेघाटाचा लेख बघता येईल का? वैशाखऱ्याहून चढणं ज्येष्ठांना जमणार नाही.

शिलालेख_वाचक:
वैशाखऱ्याहून चढू नकाच, ओल्या पायऱ्यांवर तर मुळीच नाही. माळशेज चढून ओतूरच्या अलीकडे बनकर फाट्याने जुन्नरला उतरा. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत जाते, साधारण ३० किमी. लेणं माथ्यापासून थोडं खाली आहे, नाळेच्या पायऱ्या उतराव्या लागतात, तिथे ज्येष्ठांना हाताला धरून न्या किंवा वरूनच दाखवा. लेख डाव्या-उजव्या भिंतींवर आहे. अक्षरं झिजली आहेत, सकाळचा तिरपा उजेड नसेल तर विजेरी भिंतीला समांतर धरा, खाचा उठून दिसतात. अक्षरांवर खडू, पाणी, हात काहीही लावू नका.

पण मुलुंडहून निघून त्याच दिवशी नाणेघाट आणि आळेफाटा दोन्ही धरलं तर परतीचा घाट अंधारात येईल. आळेफाट्याला किंवा जुन्नरला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी नाणेघाट, वाटेत आळ्याला ज्ञानेश्वरांनी वेद वदवला त्या रेड्याची समाधी आणि ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी, आणि दुपारी तीनच्या आत माळशेज उतरायला घ्या.