डेन्ड्राइटचा आकार ठरवतं कोण, पृष्ठऊर्जा की उष्णता?

स्फटिका: पृष्ठऊर्जा, म्हणजे घन आणि द्रव यांच्यातला पृष्ठभाग बनवायला लागणारी ऊर्जा, टोक बोथट करते, एवढं सांगून पुस्तकं मोकळी होतात. माझ्या मते वितळलेला धातू गोठताना डेन्ड्राइट, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटलेला स्फटिक, घडवते तीच. इवान्त्सोव्ह या शास्त्रज्ञाने 1947 साली नुसत्या उष्णतेच्या वहनाचं गणित सोडवलं, तेव्हा हाती आला टोकाची त्रिज्या आणि वेग यांचा फक्त गुणाकार. बारीक टोक वेगात की जाड टोक सावकाश, यावर गणित गप्प. 1980च्या दशकात आणखी एक गोष्ट कळली: पृष्ठऊर्जा सगळ्या दिशांना सारखी धरली, तर स्थिर वाढणारं टोक मिळतच नाही. दिशेनुसार थोडा तरी फरक हवाच.

तापमापी: जरा जास्तच श्रेय देताय. मुळात सपाट पृष्ठभाग मोडतो तो उष्णतेमुळे. मलिन्स आणि सेकेर्का या शास्त्रज्ञांनी तेच दाखवलं. पुढे आलेल्या उंचवट्याची उष्णता थंड द्रवात पटकन निघून जाते, तो आणखी पुढे पळतो. पृष्ठऊर्जा उलट त्याला मागे ओढते. आणि दिशाभेदच, म्हणजे पृष्ठऊर्जेचा दिशेनुसार फरकच, सगळं ठरवत असेल तर प्रयोगात धातूंऐवजी वापरतात त्या दोन पारदर्शक पदार्थांचे हे आकडे बघा. पिव्हॅलिक आम्लातला दिशाभेद सक्सिनोनायट्राइलच्या कितीतरी पट, तरी टोकाचा स्थिरांक (त्रिज्या आणि वेग यांची जोडी ठरवणारा आकडा) अनुक्रमे 0.022 आणि 0.0195. एवढाच फरक?

स्फटिका: पिव्हॅलिक आम्लाच्या दिशाभेदाची मोजमापंच आपसात जुळत नाहीत, त्यावर सिद्धांत कसा पाडणार? ॲल्युमिनियम-जस्त घ्या. वजनाने 25 टक्क्यांपर्यंत जस्त असेल तर फांद्या स्फटिकाच्या घनाकृती (क्यूबसारख्या) रचनेच्या कडांच्या दिशेने वाढतात, 55 टक्क्यांच्या पुढे तिच्या चौरस बाजूंच्या कर्णाच्या दिशेने. मधल्या टप्प्यात नुसता शेवाळासारखा गुंता. ही दिशा उष्णतेने बदलली म्हणता?

ओतकामवाला: तुमचं टोकाचं भांडण आमच्या कास्टिंगपर्यंत पोचत नाही. ॲल्युमिनियमच्या जॉबमध्ये आम्ही बघतो दुय्यम फांद्यांमधलं, म्हणजे मुख्य फांदीला फुटलेल्या आडफांद्यांमधलं अंतर. ते गोठायला लागलेल्या वेळेच्या साधारण घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. बारीक फांदीचा वितळणबिंदू वक्रतेमुळे किंचित खाली, म्हणून ती विरघळते आणि शेजारची जाड फांदी पोसते. काम पृष्ठऊर्जेचंच, पण तिला वेळ किती मिळणार ते साच्यात लावलेली चिल, म्हणजे उष्णता झटपट ओढून घेणारा धातूचा तुकडा, ठरवते.

तापमापी: म्हणजे लगाम उष्णतेच्याच हातात! जस्ताचं उदाहरण दिशेपुरतं मान्य. वेगाचं मात्र नाही. खूप अतिशीत केलेल्या (गोठणबिंदूच्या बरंच खाली नेऊनही द्रवच राहिलेल्या) निकेलमध्ये अणू पृष्ठभागाला किती झपाट्याने चिकटतात तेच वरचढ ठरतं. तिथे तुमची पृष्ठऊर्जा काय करते, तेवढं सांगा.