चुकीच्या बायॉप्सी अहवालाने झालेला मानसिक त्रास: शरीराला इजा नसेल तर भरपाईचा दावा टिकतो का?

नीराकाठ

नात्यातल्या ४६ वर्षांच्या बाईंसाठी विचारते आहे. स्तनातल्या गाठीची कोअर बायॉप्सी (जाड सुईने ऊतीचे तुकडे काढणं) रुग्णालयात झाली, नमुना बाहेरच्या लॅबला गेला. अहवाल आला: इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे स्तनाचा कर्करोग. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली. त्याआधी सर्जननी त्याच स्लाइड दुसऱ्या केंद्रात फेरतपासणीला पाठवायला लावल्या, तर साधा फायब्रोएडिनोमा, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ, निघाली. दोन अहवालांत २३ दिवसांचं अंतर.

शस्त्रक्रिया नाही, केमो नाही. पण झोप उडाली, मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या सुरू झाल्या त्या अजून चालू आहेत, १८ दिवस बिनपगारी रजा पडली. लॅबचं म्हणणं, "बायॉप्सीचे ४,८०० रुपये परत घ्या आणि या कागदावर सही करा." निव्वळ मानसिक त्रासासाठी दावा करता येतो का? कुठे, आणि कशाच्या बळावर?

तक्रारअर्ज

सगळ्यात आधी: त्या कागदावर सही करू नका. त्यात "यापुढे कोणतीही तक्रार राहिलेली नाही" असं वाक्य असणारच. पैसे परत घ्यायचेच असतील तर "हक्क राखून स्वीकारले" असं लिहून घ्या.

दावा करता येतो. दिवाणी न्यायालयाचा मार्गही आहे, पण तिथे मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी लागते आणि वर्षं जातात. तुमच्यासाठी ग्राहक आयोग बरा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतल्या 'त्रुटी'च्या व्याख्येतच निष्काळजीपणा येतो आणि कलम ३९ खाली निष्काळजीपणामुळे झालेल्या हानीची भरपाई देता येते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात बसते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात ठरवलं, आणि नव्या कायद्यातही तेच लागू आहे.

कोणता आयोग, हे मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या पैशांवरून ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. तुम्ही मोजले ४,८००, म्हणजे दहा लाख मागितले तरी जिल्हा आयोगच, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीची फी शून्य. रुग्ण जिथे राहते किंवा नोकरी करते त्या जिल्ह्यात तक्रार चालते. लॅबचं मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी फरक पडत नाही. मुदत दोन वर्षं. चूक दुसऱ्या अहवालाने कळली म्हणून मुदत तिथून धरता येईल, तरी वाद नको असेल तर पहिल्या अहवालाच्या तारखेपासूनच मोजा.

प्रतिवादी करताना एकावर थांबू नका. रुग्णालय, लॅब आणि अहवालावर सही करणारे पॅथॉलॉजिस्ट, तिघेही घ्या. एकालाच घेतलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तो दुसरा प्रकरणात नसतोच.

वाडा_चिरेबंद

एक शंका. याच कायद्याच्या कलम २(२२) मध्ये 'हानी'च्या व्याख्येत मानसिक यातना आहेत, पण त्या शारीरिक इजा, आजार किंवा मालमत्तेच्या नुकसानीला जोडून आलेल्या असाव्यात असं लिहिलंय. इथे इजाच नाही. मग?

तक्रारअर्ज

ती व्याख्या उत्पादन-दायित्वापुरती आहे, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेली हानी. इथे प्रश्न सेवेतल्या त्रुटीचा आहे, तिला ती अट लागत नाही. लॅबचे वकील मात्र हा मुद्दा काढतीलच, म्हणून तक्रारीत कलम २(२२) चा उल्लेखही करू नका. 'भरपाई' या शब्दात शारीरिक, मानसिक, अगदी भावनिक यातनाही येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या लखनौ विकास प्राधिकरण निकालात मान्य केलं आणि २००४ च्या गाझियाबाद विकास प्राधिकरण विरुद्ध बलबीर सिंग मध्ये पुन्हा सांगितलं. हे दोन निकाल जोडा.

सूक्ष्मदर्शी

कायद्याचं वर आलं आहे. मी लॅबच्या बाजूचं सांगतो, कारण असे दावे बहुतेक वेळा इथेच पडतात. अहवाल चुकला एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्या जागी साधारण कौशल्याचा पॅथॉलॉजिस्टही तसाच चुकला असता का, हा प्रश्न आयोग विचारतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालातली हीच कसोटी. लॅब म्हणेल, "हा दोन तज्ज्ञांतला मतभेद आहे." आणि स्क्लेरोझिंग एडिनोसिससारखे काही सौम्य बदल कर्करोगासारखे दिसतात हे खरं आहे. पण शंका असेल तिथे पी६३ सारखी मायोएपिथेलियल पेशी दाखवणारी आयएचसी (ठराविक पेशी रंगवून दाखवणारी जादा तपासणी) करतात. ती केली होती का? न करता ठाम निदान दिलं असेल तर मतभेदाची ढाल बरीच पातळ होते.

दुसरी शक्यता अदलाबदलीची. 'त्याच स्लाइड'वर फायब्रोएडिनोमा दिसला असेल, तर ऊतीची किंवा ब्लॉकची (मेणात बसवलेली ऊती, जिच्यातून स्लाइड कापतात) अदलाबदल झालेली नाही. झाली असती तर त्या स्लाइडवरही कर्करोगच दिसला असता. राहतं ते एवढंच: स्लाइड वाचताना चूक, किंवा दुसऱ्या रुग्णाचा अहवाल या नावावर टाइप होणं. हे पहिल्या अहवालातूनच ओळखता येतं. 'स्थूल वर्णन' वाचा: किती तुकडे, किती लांबीचे. सर्जनच्या नोंदीत पाच कोअर (तुकडे) आणि अहवालात तीन असतील, तर तो अहवाल दुसऱ्याच कुणाचा असण्याची दाट शक्यता आहे. बाजू पाहा, डावी की उजवी. मागणीपत्रावरचा, स्लाइडवरचा, ब्लॉकवरचा आणि अहवालावरचा क्रमांक एकच आहे का पाहा. पहिल्या लॅबने ईआर, पीआर, हर-२ (स्तनाच्या कर्करोगाचा प्रकार ठरवणाऱ्या तपासण्या) केलं असेल तर ते कोणत्या ब्लॉकवर केलं, हे लेखी विचारा.

अहवालाची अदलाबदल निघाली तर दावा नंतर, आधी एक काम. 'फायब्रोएडिनोमा, काळजी नको' असा कागद घेऊन घरी गेलेली दुसरी एक बाई असू शकते, आणि तिला कर्करोग आहे. लॅबला त्याच दिवशी लेखी कळवा. तिच्यासाठी एकेक आठवडा मोलाचा आहे.

आता ताबा. स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक दोन्ही लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. उरलेली फॉर्मालिनमधली ऊती लॅबवाले अहवालानंतर काही आठवड्यांत टाकून देतात, म्हणून 'नष्ट करू नये' असं पत्र लगेच पाठवा. ब्लॉक हाती आला की नव्या स्लाइड कापता येतात, आणि ऊती याच रुग्णाची आहे का, हे लागलं तर डीएनए तपासणीने दाखवता येतं. टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात स्लाइड-ब्लॉकची फेरतपासणी होते. तिसरं मत तिथलं असेल तर 'दोघांतला मतभेद' हा बचाव जवळजवळ संपतो.

सहीसुद्धा तपासा. लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदीशी पडताळा.

नीराकाठ

कोअर मोजले. सर्जनच्या नोंदीत पाच, पहिल्या अहवालात 'दोन तुकडे'. लॅबला आजच ईमेल केला आहे, रुग्णालयालाही. आता दोन प्रश्न: रक्कम किती लिहायची, आणि नवरा व मुलगी यांचा त्रास मागता येतो का?

पुरावापेटी

पाच आणि दोन, हा फरक तुमच्या तक्रारीतला सगळ्यात वजनदार मुद्दा. तो पहिल्या पानावर येऊ द्या.

रकमेला ठरलेला दर नाही. बलबीर सिंग निकाल हेच सांगतो: सरसकट नको, प्रकरणागणिक ठरवा. म्हणून "शारीरिक, मानसिक व आर्थिक त्रासापोटी १० लाख" ही ओळ टाळा. ती प्रत्येक तक्रारीत असते आणि आयोग तिच्यावर अंदाजाने काहीतरी छोटा आकडा लिहितो. २३ दिवस तारखेनिशी मांडा. अहवाल कोणत्या तारखेला, मानसोपचारतज्ज्ञांची पहिली भेट कधी, निदान काय, कोणतं औषध, डोस कधी वाढला, शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या कोणत्या झाल्या. मानसोपचारतज्ज्ञांकडून दोन ओळींचा दाखला नको. लक्षणं कधी सुरू झाली, आधी असा आजार होता का, आणि कर्करोगाच्या निदानाशी संबंध काय, हे तिन्ही त्यात हवं. आधीचा आजार असेल तर लपवू नका. उलटतपासणीत निघाला तर बाकी सगळ्यावर पाणी पडतं.

पैशाचं नुकसान वेगळ्या परिच्छेदात: बिनपगारी १८ दिवसांसाठी कार्यालयाचं पत्र आणि पगारपत्रक, औषधं, तपासण्या, प्रवास. मग मानसिक त्रासाची रक्कम, मग तक्रारीचा खर्च, आणि व्याज कोणत्या तारखेपासून तेही. मागितलेलंच नसेल तर मिळण्याची आशा कमी.

नातेवाइकांबद्दल: १९९८ च्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल प्रकरणात चुकीच्या इंजेक्शनने मूल कायमचं जायबंदी झालं, तेव्हा मुलाबरोबर आई-वडिलांनाही मानसिक यातनांसाठी वेगळे ५ लाख रुपये मिळाले, कारण सेवा त्यांनी घेतली होती, म्हणून तेही ग्राहक. इथे बिल नवऱ्याने भरलं असेल तर त्यांना सहतक्रारदार करा, पैसे दिल्याचा पुरावा त्यांच्या नावाचा लावा. सज्ञान मुलीने पैसे दिले नसतील तर तिचा वेगळा दावा ओढू नका. तिचं प्रतिज्ञापत्र साक्ष म्हणून द्या, ते जास्त उपयोगी.

नोटीस कायद्याने सक्तीची नाही, तरी १५ दिवसांची द्या. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर दाखल होते, मराठीत चालते, वकील सक्तीचा नाही. लॅबला नोटीस मिळाल्यापासून उत्तरासाठी ३० दिवस आणि जास्तीत जास्त १५ दिवसांची वाढ. २०२० मध्ये घटनापीठाने सांगितलंय की ४५ च्या पुढे एक दिवसही देता येत नाही. तो दिनांक वहीत लिहून ठेवा आणि ४६ व्या दिवशी आयोगासमोर मांडा.

लॅबचे व्हॉट्सअॅप संदेश आणि ईमेल वापरणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा. दुसरा भाग लोक विसरतात. तोवर फोन बदलू नका.