गेममदी मेन मेकॅनिक (म्हणजे खेळनारा गेमात जे करत रायते ते काम) कोनतं अन् जोड कोनतं? मदत हवी आहे
भाऊ लोकहो, कापसाच्या शेतीवर मोबाईलसाठी बारका गेम बनवून रायलो पन अडकलो. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समदून उडी काढली तं गेमच उरत नाई, नाणी काढली तरी चालते, म्हणजे उडी मेन. १९९३ च्या डूममदी गोळीबार मेन, चाव्या शोधनं जोड. इथवर समजलं. पन स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेमात शेती, मासेमारी, खाण, गावातल्याईशी दोस्ती सगळंच एका तोलाचं वाटते, मंग मेन कोनतं म्हणावं? माह्या गेमात पेरनी-वेचनी मेन धरली, बोंडअळी आली की फवारनी, ते जोड, पन लहान भाऊ फवारनीच खेळत बसते, वेचनीले हातच नाई लावत (वावरातबी तसाच हाय). आता फवारनीलेच मेन करू का वेचनीत मजा आनू? कोनं असं बनवलं असन तं सांगजा.