अनुभव धागा : 'हाताशी आलेलं पोर' नेमकं किती वर्षांचं?

जुनी दप्तरं वाचणाऱ्यांनी, शिक्षकांनी, महसुलातल्या लोकांनी लिहावं. आपल्या कोल्हापूर भागात बालपण कधी संपलं असं धरत, ते कशावरून ओळखायचं? फसगत कुठं होते तेही सांगा.

शाळेची दप्तरं बघणारे, करवीर
आधी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांची नोंदवही उघडा. पानामागून पान 1 जून ही जन्मतारीख दिसेल. घरी तारीख कुणालाच ठाऊक नसायची. पोर दिसायला केवढं आहे ते बघून मास्तर वय ठरवायचे आणि जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून 1 जून घालायचे. त्यामुळं वय वर्ष-दोन वर्षांनी सहज चुकतं. सख्ख्या भावंडांच्या तारखा शेजारी मांडून बघा. जुळी नसताना दोघांत नऊ महिन्यांपेक्षा कमी अंतर निघालं, तर एक तारीख नक्की अंदाजानं घातलेली. मग गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत पुढची-मागची तीन-तीन वर्षं चाळायची. तिथं मुलाचं नाव शोधू नका, बापाचं शोधा. बारशाआधीच्या नोंदीत नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. कागदावर इसवी सनाऐवजी शालिवाहन शकाचं साल असेल तर सन काढायला चैत्र ते डिसेंबर 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुन 79. इथं बरेच जण सरसकट 78 धरतात आणि वर्ष चुकवतात.

महसुली कामातले, कागल
सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' दिसलं की समजा, अज्ञान पालनकर्ता. अज्ञान म्हणजे 18 पुरी न झालेला. शेरा आपोआप निघत नाही. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडं अर्ज द्यावा लागतो, मग फेरफार होतो. पंचविशीतला गडी कागदावर अजून अज्ञान, हे सर्रास दिसतं.

इतिहासाच्या शिक्षिका, शाहूपुरी
कोल्हापूरपुरतं बोलायचं तर 1917 हे वळणाचं साल. शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा 1 रुपया दंड. तोवर पोराचा वेळ घरचा होता, रानातला होता. त्या वेळेवर शाळेचाही हक्क आहे असं दरबारानं पहिल्यांदा बजावलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.
एक चूक टाळा. बालविवाह रोखणाऱ्या 1929 च्या सारडा कायद्यातलं मुलीचं 14 आणि मुलाचं 18 वय त्या काळच्या इथल्या लग्नांना लावू नका. तो कायदा ब्रिटिश मुलखाचा, आणि कोल्हापूर 1 मार्च 1949 पर्यंत संस्थान होतं.

गुऱ्हाळाचे जाणकार, पन्हाळा
आमच्याकडं वय कामावर मोजत. चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला ऊस, वाळत घालायला सात-आठ वर्षांचं पोर चाले. चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत, जळण घालणं मोठ्या माणसाचंच, कारण जाळ जास्त झाला की काहीलीतला, म्हणजे वरच्या मोठ्या कढईतला रस करपतो. आणि उकळत्या काहीलीच्या कडेला पोराला कधीच उभं करत नसत. चुलवाणाशी उभा राहिला की पोरगा 'हाताशी आला' म्हणायचे, मग तो बारा वर्षांचा असो की सोळा.

ऊसतोड मुलांच्या वर्गाच्या शिक्षिका, शिरोळ
आजही फडात तोच हिशेब चालतो. दहा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते म्हणून आई-बाप दोघं कोयता धरू शकतात. म्हणून गावाकडून मुलं आली की पटावर घेताना धाकट्याची सोय आधी विचारा. त्याला अंगणवाडीत घातलं, तरच थोरली वर्गात टिकते.